जावयाने मागितलेला डोह

माझं गाव सोनईकडचं. आमच्याकडे पाणी पाटातून येतं आणि उसात जातं. वाहत्या ओढ्याशी ओळख झाली ती लग्नानंतर, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या सासुरवाडीत. मोबाईलवर बघून मी पिसाच्या गळाने मासे धरायला शिकलो. गळाला कोंबड्याचं पीस गुंडाळून खोटा किडा करायचा, पाण्यावर अलगद टाकायचा आणि लागलेला मासा ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात सोडायचा. कोरडा हात लागला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो पुढे मरतो.

"सोडायचा? मंग धरायचा कशापायी?" सासूबाई म्हणाल्या, आणि ते वाडीभर झालं.

पहिली दोन वर्षं सोडायला मासाच मिळाला नाही, तेही वाडीभर झालं. मी लाल, हिरवी, झगझगीत पिसं बांधत होतो. एका सकाळी सासूबाई ओढ्यावर हंडा घासत होत्या. माझी फजिती बघवेना, तेव्हा त्यांनी पाण्यातला एक धोंडा उलटा केला. खाली वाळूच्या कणांची गव्हाएवढी नळकांडी चिकटलेली, प्रत्येकात एक अळी.

"मासं हे खात्यात, जावईबापू. तुमी त्यास्नी तुरा दावताय."

त्यांच्याच काळ्या शेळीचे केस कापून मी तसला मळकट किडा बांधला. त्याच संध्याकाळी पहिला मासा लागला. तेव्हापासून धोंडे उलटून बघायचे आणि जसेच्या तसे ठेवायचे, हा मला नादच लागला. खेकडी पिलं घेऊन कुठे बसते, खंड्याचं बीळ कुठल्या दरडीत आहे, हे आज मी वाडीतल्या माणसाइतकंच सांगतो. फुशारकी वाटली तर वाटू द्या, कमावलेली आहे.

एकच गोष्ट सलायची. उन्हाळ्यात ओढा आटून एवढासा डोह उरतो. मग वाडी गेळाची फळं कुटून त्यात कालवते. मासे गुंगून वर येतात, लहानमोठे सगळे टोपल्यांत जातात. जुनी रीत, आणि कुटायला सगळ्यांच्या पुढे माझ्या सासूबाई.

यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण आणि वाण. पाटावर बसलो, समोर कपडे आणि चांदीची अंगठी. मी म्हणालो, "आई, हे नको. डोहात गेळ कालवू नका, तेवढं वाण द्या."

बायकोने डोळे वटारले. सासूबाईंनी पुरणाचं पातेलं खाली ठेवलं.

"जावयानं मागितल्यावर न्हाई कसं म्हनू? पन उद्या समद्यांम्होरं तुमच्या गळानं एक मासा धरून दावा. न्हाईतर अंगठी घ्या अन् गप ऱ्हावा."

सकाळी सगळी वाडी खडकांवर. गेळाच्या फळांचं पोतं शेजारीच तयार. शेळीच्या केसांचा किडा मी दहादा टाकला, मासा ढुंकून बघेना. हसू सुरू झालं. सवयीने एक धोंडा उलटा केला. नळकांडी रिकामी! अळ्यांना पंख फुटून त्या उडून गेल्या होत्या. हे मला कुणी दाखवलं नव्हतं. गळांच्या डबीतला फिकट पिसाचा, पंखांचा किडा बांधला. दुसऱ्याच फेकीला काठी वाकली.

वीतभर चंदेरी मासा. सोडवायला वाकलो, तोवर सासूबाई लुगडं खोचून पाण्यात उतरल्या. न सांगता त्यांनी आधी दोन्ही हात भिजवले. मासा घेतला, पोटावरून अंगठा फिरवला.

"गाभोळीनं भरलीय, पोटात अंडी हायेत," त्या म्हणाल्या, आणि हात पाण्याखाली नेऊन उघडले. मग वाडीकडे वळल्या. "पोतं घरी न्या. डोह जावयाला दिलाय."

दोघांनी पोतं उचललं. माझी छाती फुगली होती, लपवत नाही. पण खरं सांगतो, लागलेल्या माशापेक्षा मला त्या ओल्या हातांचा अभिमान जास्त वाटला.