इंद्रजितची हरकत

रहिमतपुरातल्या आमच्या गल्लीत इंद्रजितइतका शिकलेला कोणी नाही आणि त्याच्याइतका बुळाही कोणी नाही. पणजीला राहून तो पोर्तुगीज शिकला. आता घरी बसून परदेशी सिनेमांखाली पात्र कोणत्या आवाजात बोलतंय ते लिहितो, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. पडेल, अडखळत्या आवाजाला इंग्रजीत म्हणे फीबल, फॉल्टरिंग, ट्रेम्युलस. पोर्तुगीजमध्ये व्होझ फ्राका, आणखी काय काय. आमच्याकडं चहाला आला की हे सगळं तो ऐकवायचा, तेही तोंडातल्या तोंडात. दुकानदारानं शिळा पाव दिला तर गपचूप खाणारा माणूस!

त्याची धाकटी बहीण पूजा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची. भरती महिन्यावर आली आणि पलूसचं स्थळ चालून आलं. त्यांना नोकरी करणारी सून नको होती. वडील लालासाहेब फौजेतून आलेले, त्यांच्यापुढं बोलायची पूजाची टाप नव्हती. ती भावाला म्हणाली, "दादा, भरतीपातुर थांबा, एवढंच म्हण. तुला बैठकीत इचारत्यातच." यानं मान डोलावली. तिच्या गळ्याची शपथसुद्धा घेतली.

आमच्याकडं सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग ब्रह्मदेव आला तरी मोडत नाही. म्हणून फोडायच्या आधी मुलीच्या भावाला विचारायची रीत आहे. बैठकीत पूजाच्या नानासो मामांनी सुपारी फोडायला बत्ता उचलला.

"काय इंद्रजितराव, तुमची काय हरकत न्हाई न्हवं?"

"तसं... म्हणजे... पूजाचं जरा..."

"तोंड उघड की गड्या!"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. लालासाहेब नुसते खाकरले. तेवढ्यानं हा घोडा गारठला. सतरंजीचा दोरा ओढत म्हणाला, "काय न्हाई. फोडा."

सुपारी फुटली. आत पूजा दाराला टेकून सगळं ऐकत होती. आग लागो असल्या शिक्षणाला!

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी गाडीपाशी हा बहिणीच्या कानाशी लागला आणि पुटपुटला, "माझं चुकलं, पूजा."

तिनं डोळे पुसले. "मोठ्यानं म्हण, दादा. आप्पास्नी ऐकू जाऊ दे."

आप्पा म्हणजे लालासाहेब शेजारीच उभे होते. इंद्रजितनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि तिची बॅग उचलून तो डिकीकडं गेला.