आईचं नाव घातलेले टोप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईच्या फोटोसमोर उभा राहून मनातल्या मनात उच्चारलंही नाही — तिथे तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

माझी आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. एका खोलीत गिरणीतली पंधरा-वीस माणसं जेवून जायची, आणि कुणाचं पोट बिघडलंय हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. मग त्याच्यापुरती वेगळी पेज. उकडा तांदूळ शिजतानाचा तो वास... आता माझ्या फ्लॅटमध्ये तोच तांदूळ, तेच मीठ, पण तो वास काही येत नाही. फार आठवण येते हो तिची. साठी उलटली तरी येते.

शैला त्याच चाळीतली, आईच्या हातचं खाऊन वाढलेली. बाहेरगावहून उपचाराला आलेल्या कॅन्सरच्या पेशंटसाठी ती परळला दोन खोल्यांत स्वयंपाकघर चालवते. आईला तोच आजार झाला, घास उतरेना, तेव्हा तिथे स्वयंपाक करणाऱ्या कुंदाबाई रोज तिच्यासाठी पेज गाळून पाठवायच्या. कुणाला बिनमिठाची, कुणाला पाण्यासारखी पातळ — ज्याचा घसा जसा, तशी.

आई गेल्यावर मी शैलाला म्हटलं, तिच्या नावाने काहीतरी द्यायचंय. तिने एका दमात सांगितलं, "भांडी नको हां रे, भांडी सगळेच देतात. तू कुंदाबाईंच्या दोन वर्षांच्या पगाराचा भार उचल. तेवढ्यात त्यांच्या हाताखाली मी दोन बायका तयार करते, मग आमचं आम्ही बघू."

किती विचार करून बोलली होती! पण पगार — पगार दिसतो का कुणाला? पेज पिऊन झाली की संपली. तिच्यावर नाव कुठे घालणार? आणि वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक येणार होते...

म्हणजे — सांगतो. त्यासाठीच तर बसलोय. मी शैलाला म्हणालो, तुझ्या स्वयंपाकघरात तिच्या नावाची भांडी असावीत अशी आईची शेवटची इच्छा होती.

आई असं कधीही म्हणाली नव्हती. उलट, जायच्या आधीच्या आठवड्यात माझं मनगट धरून ती म्हणाली होती, "त्या कुंदाक खय जावक देव नको रे. तिच्या पेजेनच माझो जीव रवलो." कुंदाबाईंना कुठे जाऊ देऊ नको — तिने माझ्याकडे मागितलेलं शेवटचं ते एवढंच. ते मी गिळलं आणि भलतंच तिच्या तोंडी घातलं. शैला आईला काकी म्हणायची; काकींची इच्छा म्हटल्यावर ती एक शब्द बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लगेच हो म्हणाली. डोळे पुसले फक्त.

दादरच्या भांडीवाल्याकडे स्वतः उभा राहून मी नावं घालून घेतली. टोप, पराती, अगदी डावाच्या दांड्यावरसुद्धा. अक्षर जरा मोठं काढा, असंही सांगितलं. नारळ फुटला, फोटो निघाले. नाव मोठं, लक्षण खोटं म्हणतात ना, ते मीच. पगारासाठी शैलाला दुसरं कुणी मिळेना. सगळ्यांना माझ्यासारखंच, दिसेल असं काहीतरी द्यायचं होतं. काही महिन्यांत कुंदाबाई वरळीला कुणाच्या घरी स्वयंपाकाला लागल्या. त्यांच्या हाताखाली कुणी तयार झालंच नाही. आता तिथे सगळ्यांना एकच वरणभात असतो.

तेव्हा तरी मी खरं बोलू शकलो असतो, नाही का? बोललो नाही. शैलाच्या नजरेतून उतरायची भीती वाटली.

यंदा आईच्या तिथीला मी तिथे वाढायला गेलो होतो. शैला मदतीला आलेल्या नव्या मुलींना सांगत होती — बघा गं, मरतानाही काकींना आमचं स्वयंपाकघर आठवलं. तेवढ्यात रांगेतल्या एका आजींनी घशाला हात लावून विचारलं, पेज मिळेल का?

"पेज आता नसते हो, आजी," शैला म्हणाली. आजींनी वरचं वरणाचं पाणी तेवढं घेतलं.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर शैलाने टोप घासून पालथा घातला, आईच्या नावाला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही वाकून नमस्कार केला.