फेअर केलेलं पान

आमची पोस्ट अठरा हजार फुटांच्या वर होती. माणसं नऊ, तंबू तीन, वायरलेस सेट एक. सेट माझ्याकडे होता. मी तेव्हा लान्स नाईक पास्कल डिमेलो, अंधेरीच्या मरोळ गावठाणातला. लॉगबुकही माझ्याचकडे. सेटवरचा प्रत्येक निरोप वेळ टाकून त्यात लिहायचा, हे ऑपरेटरचं काम. माझं अक्षर वळणदार होतं, म्हणून हे काम मला मिळालं होतं.

आठवड्यातून दोनदा लिंक निघायची. आमची चार माणसं दोराने एकमेकांना बांधून अर्ध्या वाटेपर्यंत खाली जायची, खालच्या पोस्टची माणसं रसद घेऊन तिथवर यायची. मध्ये एक उतार होता. त्याचा नियम एकच: ऊन पडायच्या आत पार करायचा. ऊन लागलं की बर्फ सुटतो. हे आमच्या कुकलाही ठाऊक होतं.

लिंक लीडर नाईक संतोष कांबळे, भांडुपच्या डोंगरावरच्या चाळीतला. मुंबईचे आम्ही दोघेच. रोज पहाटे चारला तो माझ्या स्लीपिंग बॅगला लाथ घालायचा. "पास्क्या, उठ रे. तुझा देव पण उठला असेल." तो बौद्ध होता. माझी रोझरीची माळ बघून हसायचा. पण उताराकडे निघताना न चुकता विचारायचा, "माझं नाव घेतलंस ना?" मी प्रार्थनेत घ्यायचो.

त्या दिवशी ०५२० ला लिंक तयार होती. संतोष दोर बांधून बाहेर उभा. ०५४० ला सेट बोलला. खालून कंपनी कमांडर होते.

"लिंक होल्ड करो. गेस्ट आ रहे हैं. पोस्ट पे पूरी नफरी दिखनी चाहिए. ओव्हर."

नफरी म्हणजे माणसं, नऊच्या नऊ. कोणी मोठे साहेब हेलिकॉप्टरने येऊन दहा मिनिटं हात मिळवणार होते. आम्ही दाढ्या केल्या. बर्फात दाढी! १०३० ला निरोप आला, ढग आहेत, भेट रद्द. १०४० ला ऑर्डर आली, लिंक आत्ता पाठवा.

संतोषने हँडसेट घेतला. "साब, धूप स्लोप पे आ गई है. कल सुबह निकलते हैं. ओव्हर."

"ऑर्डर मिला ना? मूव्ह नाऊ. आउट."

आउट म्हणजे बोलणं संपलं. पुढे काही ऐकून घेतलं जाणार नाही. संतोषने दोर पुन्हा बांधला. "नाव घे रे," एवढंच म्हणाला. ११२५ ला उतार सुटला. तिघांना आम्ही खणून काढलं, तिघेही जगले. संतोष सगळ्यांत पुढे होता. तो १३१० ला सापडला.

चौथ्या दिवशी कंपनी कमांडर वर आले. इन्क्वायरी बसणार होती. त्यांनी लॉग चाळला, ते पान काढलं आणि म्हणाले, "ये पेज गंदा है. फेअर करके लिखो." पान स्वच्छ होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: ०५४० ला निघण्याचा आदेश, लिंक लीडरमुळे उशीर, १०४० ला प्रयाण. "जो गया वो गया, डिमेलो. घरवालों को सब मिलेगा."

माझ्या डोक्याला कोणी बंदूक लावली नव्हती. माझ्या प्रमोशनची फाइल त्यांच्याकडे होती, तेवढ्यावर मी घाबरलो. वळणदार अक्षरात मी मित्राला आळशी ठरवलं. साहेबांचा राग येतो, आजही येतो. पण पेन माझ्या हातात होतं.

हवालदार होऊन मी रिटायर झालो. दर सव्वीस जानेवारीला आमची सोसायटी मला शाल-नारळ देते. 'शूर सैनिक' म्हणतात. त्या नारळाने कोणाचं तरी डोकं फोडावंसं वाटायचं, बहुतेक माझंच. घरात मी ताटं आपटायचो. बायको रेजिना ती उचलायची.

तिनेच मला बोरिवलीला एका हॉलमध्ये प्रार्थनेला नेलं. दुखावलेल्या मनांना बरं करणारी प्रार्थना, असं बाहेर लिहिलं होतं. स्टेजवरचे भाऊ माइकमधून ओरडत होते, "ज्यांनी तुम्हाला दुखावलं त्यांना माफ करा! सगळ्या जखमा येशूला देऊन टाका आणि मोकळे व्हा!" लोक रडत होते. मी उभा राहिलो.

"ओ भाऊ, मी दुसऱ्याला केलेली जखम आहे. ती मी कोणाला विचारून देऊन टाकू?"

"ब्रदर, शांती," ते म्हणाले आणि पुढचं गाणं सुरू केलं. हेसुद्धा आउटच. मी चप्पल घालून बाहेर पडलो. आपलं ओझं देवाच्या गळ्यात टाकून घरी जाऊन जेवायचं, ही श्रद्धा असेल तर ती मला नको होती.

आमच्या चर्चमध्ये एक म्हातारे फादर आहेत. एका कानाने कमी ऐकतात. त्यांच्याकडे पापं मोठ्याने सांगावी लागतात, म्हणून त्यांची रांग नेहमी छोटी. एका शनिवारी संध्याकाळी मी तिथे गुडघे टेकले आणि वेळेसकट सगळं सांगितलं. ०५४०. १०४०. ११२५. बाहेरच्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

"देवावर राग आहे?" फादरनी विचारलं.

"आहे."

"त्याला सांगितलास?"

"नाही."

"सांग. तो तुझ्या साहेबासारखा आउट म्हणणार नाही." मग म्हणाले, "येशू मेलेल्यांतून उठला, तरी हातांतली खिळ्यांची भोकं बुजली नव्हती. शंका घेणाऱ्या थोमाला म्हणाला, घाल बोट. त्याने ती लपवली नाहीत. बरं होणं म्हणजे पान फेअर करणं नाही, बाबा. देव तुला माफ करतो. पण त्या पोराचं नाव तू घालवलंस, ते परत दे. कोणाला द्यायचं ते तुला माहीत आहे."

मी तिथेच रडलो. संतोष गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, माझ्याकडे कोणीतरी बघतंय आणि तोंड फिरवत नाही. ते किती बरं वाटलं, हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर भांडुपला गेलो. संतोषची आई, माई, डोंगरावरच्या त्याच खोलीत राहते. बुद्धाच्या मूर्तीशेजारी संतोषचा युनिफॉर्ममधला फोटो. मी उभ्यानेच सांगितलं. माई गहू निवडत होती, हात थांबले.

"पत्र आलेलं," ती म्हणाली. "पोराने उशीर केला म्हणून. मी सगळ्यांना सांगत आले, माझंच चुकलं, मीच लाडावला. पण माझ्या डोक्यात बसेना रे. इथे पाणी पहाटे चारला येतं. हंडे भरायला तोच उठायचा, मी नाय. मग तिथं कसा झोपला?"

"नव्हता झोपला, माई. मलाच तो उठवायचा."

ती उठली आणि मला एक ठेवून दिली. मी हललो नाही. मग तिने कपाटावरून वही काढली. "लिही. तेव्हा लिहिलंस ना? त्याच हाताने लिही. आणि माफीबिफी मला विचारू नको, ती तुझ्या देवाकडे माग."

मी लिहिलं. वेळ टाकून, सही करून. एक प्रत तिच्याकडे ठेवली, एक युनिटला पाठवली. उत्तर आलेलं नाही. तिसरं पत्र मागच्या महिन्यात टाकलं, आणि उत्तर येईपर्यंत टाकत राहणार आहे. त्यांना वाटत असेल हा कंटाळेल.

नोव्हेंबरात आमच्या चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना, होते. आपापल्या माणसांची नावं आधी ऑफिसात द्यायची, ती वेदीवरून वाचली जातात. ऑफिसातल्या बाईंनी यादीवरून मान वर केली.

"संतोष कांबळे? हा आपल्यातला होता का?"

"नव्हता. पण तो दर वेळी मला नाव घ्यायला सांगायचा."

"तसं नाही चालत हो, अंकल."

माझा आवाज चढला. फादर आतून आले. त्यांना नेमकं हे बरोबर ऐकू आलं होतं. "लिही गं," ते म्हणाले, "आणि पुढे नाईक लाव."

माईला मी बोलावलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, पांढरी साडी नेसून शेवटच्या बाकावर बसली. आमच्या डिमेलोंची, परेरांची नावं झाली. मग फादरनी वाचलं, "नाईक संतोष कांबळे." मी मागे वळून पाहिलं. माई शेजारच्या अनोळखी बाईकडे वळली होती आणि भर चर्चमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "माझा मुलगा. पहाटे चारला उठायचा. त्याने कधी उशीर केला नाही."