गेरूच्या मेंढ्या

दुष्काळाच्या साली दहिवडीच्या फाट्यावर मी रोज सकाळी शाळेला जायची एस.टी. धरायचो. तिथं एक म्हातारा धनगर आकडीनं बाभळीची फांदी खाली ओढून मेंढ्यांना चारत असे. पाठीवर गेरूचा पट्टा असलेल्या मेंढ्यांना आधी. बाकीच्या आल्या की त्यांना पायानं मागं सारायचा.

एकदा विचारलं, तर म्हणाला, "नातवाच्या बारशाला आमी म्हातारा-म्हातारीनं त्येच्या नावानं एक मेंढी काढून ठिवली हुती, गुरुजी. ही तिची पिलावळ. त्यो साताऱ्याला कालिजात जाईल, तवाच इकायची."

पुढं बिनगेरूच्या मेंढ्या दिसेनाशा झाल्या. त्या मातीमोल विकून, म्हातारीच्या कानातलं मोडून त्यानं गेरूवाल्यांना पेंड घातली होती. मला रागच आला. "मग याच का नाही विकल्या?"

"पोराच्या नावाचं येळंआधी मोडत न्हाईत."

उन्हाळ्यात त्याही एकेक करून मेल्या. नातू दुष्काळी कामावर खडी फोडायला लागला.

नंतर एका सकाळी म्हातारा त्याच बाभळीखाली दिसला. आकडीनं फांदी खाली ओढून धरलेली, आणि खाली एकही मेंढी नाही.

"बाबा, आता कुणासाठी?"

त्यानं खाली पाहिलं. आकडी तशीच ओढून धरली.

"सोडवंना, गुरुजी."