डॉक्टरसाब आणि सात बाटल्या पाणी

आशय दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढला, बी. फार्म. दुसऱ्या वर्षी सोडलं आणि गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये ट्रेनर झाला. एवढ्या शिक्षणावर ऑफिसात त्याला 'डॉक्टरसाब' म्हणत. २००४ साल होतं. पंचविशीतल्या मुलांच्या हातात पगार आला होता आणि पार्टीतल्या नशेच्या गोळ्यांबद्दल घरच्या डॉक्टरला विचारायची सोय नव्हती. आशय मात्र कशालाही 'माहीत नाही' म्हणत नसे.

"दारूनं लिव्हर जातं. गोळीनं काय जातं? काही नाही," तो पँट्रीत सांगायचा. "माल शुद्ध हवा आणि वर भरपूर पाणी. नाचलं की घामावाटे निघून जाते."

माल शुद्ध आहे का, हे तो गोळी जिभेला लावून ठरवायचा. ती कडू लागली की शुद्ध. कडू नसलेली गोळी त्याला आजवर भेटली नव्हती.

धुळवडीला मानेसरजवळच्या एका फार्महाऊसवर भर दुपारी पार्टी होती. आशय पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊनच आला. शिवांगी ही त्याची मुंबईची सहकारी. तिनं गोळी नाकारली तेव्हा तो हसला. "तू अजून दादरचीच राहिलीस, यार."

त्यानं एक गोळी घेतली, चढेना म्हणून वर अर्धी. मग नाचत, घामाघूम होत तीन तासांत सात बाटल्या पाणी रिचवलं. तिसऱ्या तासाला डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली. "डिहायड्रेशन!" त्यानं स्वतःच निदान केलं आणि आणखी पाणी मागितलं. थोड्या वेळानं त्यानं शिवांगीला 'मॅडम' म्हणून सरोजिनी नगरची बस कुठे थांबते ते विचारलं. उत्तर ऐकायच्या आधीच तो कोसळला आणि हातपाय ताठ होऊन त्याला झटके यायला लागले.

आता सगळेच डॉक्टर झाले. कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी लिंबूपाणी पाजा. "सोने दो, उतर जाएगी," त्याचा दोस्त सिद्धांत म्हणाला. हॉस्पिटलचं नाव कुणी काढेना, कारण त्यांच्या मते तिथून पोलीस फार जवळ होते.

"पोलीस नंतर बघू," शिवांगी ओरडली. "उचला त्याला!" झटके थांबताच तिनं त्याला आपल्या गाडीत कुशीवर झोपवलं.

"क्या लिया है इसने?" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भांग, जी. होली है ना," बरोबर आलेला सिद्धांत म्हणाला.

"झूठ!" शिवांगी म्हणाली. "डेढ़ गोली ली है. और सात बोतल पानी पिया है."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. "पानी की एक बूँद नहीं देना," त्यांनी नर्सला बजावलं आणि रक्त तपासायला पाठवलं.

संध्याकाळी आशयचे वडील श्यामकांत आले. केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. गोळीमुळे शरीर पाणी बाहेर टाकेनासं होतं, रक्तातलं मीठ पातळ होतं, मेंदूला सूज येते, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट सरकारी फायलीसारखा दोनदा वाचला. मग म्हणाले, "पण गोळी शुद्ध होती म्हणतात ना?"

"शुद्धच असेल," शिवांगी म्हणाली. "काका, शुद्ध गोळीनंही हेच होतं."

चार दिवस आयसीयूत काढून आशय घरी आला. त्याला त्या दुपारची काहीच आठवण नव्हती. आई अहिल्याबाई शेजाऱ्यांना फूड पॉयझनिंग सांगत होत्या, त्यांना खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं.

महिन्याभरानं तो ऑफिसात परतला, तेव्हा पँट्रीत सिद्धांत मुलांना शिकवत होता. "पानी से हुआ था सब. अगली बार पानी छूना ही मत."

आशय मध्ये पडला. "अरे गाढवांनो, पाण्याशिवाय त्या उकाड्यात नाचलात तर ताप चढून मराल! यात सुरक्षित असं मापच नाही. मी आजवर सांगितल्या त्या सगळ्या थापा होत्या."



"लेकिन डॉक्टरसाब," मुलांतला एकजण अदबीनं म्हणाला, "आप तो बच गए ना?"