दोनशे पंच्याहत्तरची गोळी

ही गोष्ट मी पन्नासहून अधिक वर्षं टाळली. घरात शिकारीचा विषय निघाला की मी गिरणीचं काहीतरी काम काढून उठत असे. चंद्रपूरकडच्या मूल गावात आमची भाताची गिरणी आहे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. बायकोला वाटायचं, मला रक्ताची किळस येते. मी तिला तसंच वाटू दिलं.

वडिलांची दोनशे पंच्याहत्तर बोअरची रायफल होती. विलायती, लांब नळीची, हलकी. तिची गोळी करंगळीपेक्षा बारीक. चितळाला, डुकराला पुरेशी. अस्वलावर मात्र तिने बार करायचा नाही, असं वडिलांनी मला बजावलं होतं. अस्वलाच्या अंगावर केसच एवढे, की आतलं अस्वल नेमकं कुठे आहे ते कळत नाही. त्याला जड गोळी लागते. पण गावोगावी त्या रायफलीचा दरारा होता. अंग्रेजी बंदूक जनावर पाडते नाहीतर चुकते, जखमी करून सोडते ती भरमार, असं सगळेच धरून चालत. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि शिसं ठासायची गावठी बंदूक.

शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी, मोहफुलांच्या दिवसांत, आम्ही परवान्यावर डुकरांसाठी हाका लावला होता, म्हणजे हाकेकरी आरडाओरडा करत जनावरं बंदुकांपुढे आणतात तो. वडील आजारी होते, म्हणून रायफल प्रथमच माझ्या एकट्याच्या हाती. हाकेकरी कुठून निघतील, बंदूकवाले कुठे बसतील हे ठरवायचे ते जवळच्या टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे, एक गोंड शिकारी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. आपली भरमार घेऊन ते नाल्याच्या पलीकडे बसले. डुकरं आलीच नाहीत. आलं ते अस्वल, आणि मी बार केला. गोळी मांसात शिरल्याचा आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा येतो. तो मी ऐकला. अस्वल ओरडलं, वळलं, नाल्याकडे पळालं. मग पलीकडून भरमारीचा बार झाला.

आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या बाराने जनावर जखमी झालं त्याने पहिल्या रक्तावर हिरवी डहाळी ठेवायची आणि हाक द्यायची. मग कोणी घरी जात नाही. उजेड असेतो सगळे मिळून त्या डहाळीपासून माग काढतात, कारण दुसऱ्या दिवशी त्याच जंगलात बाया मोह वेचायला जाणार असतात.

मी पुढे गेलो. तेंदूच्या पानांवर रक्ताचे चार-पाच थेंब होते. वडिलांचा शब्द मोडला हे कळणार, आणि मोडूनही अस्वल पडलं नाही हेही कळणार. मी बुटाने वाळला पाला त्यावर ओढला. हाकेकरी आले तेव्हा म्हणालो, "बार खाली गेला, लागला नाही."

"माहाबी खालीच गेला," नाल्यातून वर येत ते गोंड शिकारी म्हणाले. "लय दूर होता जी."

आम्ही सगळे घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अस्वलाने मोहाखाली वाकलेल्या एका बाईला धरलं. ती वाचली, पण तिचा डावा डोळा गेला. सोडवायला धावलेल्यांनी पाहिलं, अस्वल मागचा पाय ओढत होतं. म्हणजे आदल्या दिवशी कोणाचातरी बार लागला होता. कोणाचा, हे मला कोणी विचारलंच नाही. रायफल जखमी करत नाही, हे ठरलेलं होतं. सगळ्यांनी भरमारवाल्यांकडे पाहिलं. दोन दिवस ते नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लागला असन. मले दिसला नसन." भरमार त्यांनी स्वतःच ठाण्यात नेऊन दिली. पुन्हा कोणी त्यांना हाक्याला बोलावलं नाही.

मागच्या वर्षी परवाना वाढवायच्या आधी मी रायफल घेऊन चंद्रपूरच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचे, बापापासून हाच धंदा.

"काडतुसं?" ते हसले. "भाऊ, हा माल येनं बंद होऊन जमाना झाला. तीनशे अठरा गेली, चारशे चार गेली, चारशे तेवीस गेली. आता लोक कमरेले लावायचं पिस्तूल मागतात. फोटोत बरं दिसते."

"ही तर अजून नवी दिसते."

"नवरी नवीच हाय, वऱ्हाड मेलं." त्यांनी नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. "अस्वलावर नाई ना चालवली कोनी? हे गोळी अस्वलाले पाडत नाई, बिघडवते. उगाच डोक्यावर घेऊन बसले होते हिले."

"मी चालवली," मी म्हणालो.

आणि मग सगळंच सांगून टाकलं. त्यांनी रायफल माझ्याकडे परत सरकवली.

"मंग मले काऊन सांगून राह्यले? तिथं टोल्यावर जा ना."

रायफल ठाण्यात जमा केली. तिची गोळी आता मिळत नाही, माझ्या मुलांना ती नको आहे, याचं मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना रिकामे हात फार बरे वाटले.

टोल्यावर गेलो. ते शिकारी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी अंगणात मोह वाळवत होती, साठीच्या आसपासची. उभ्या उभ्याच सांगितलं.

"तवा काऊन नाई सांगतलं?"

"वडिलांले भेलो, बाई."

ती उठली. मला वाटलं, हाकलणार. तिने शेजारच्या घरांना हाका मारल्या. आठ-दहा माणसं जमली. "आता हे साऱ्यायसमोर सांगा," ती म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे अंग्रेजी बंदूकबी लबाड बोलते म्हना!" सगळे हसले. तीही हसली, मग पदराने डोळे पुसले. म्हणाली, "बा मरेपर्यंत मोहाच्या दिवसांत साऱ्यायच्या पहिले जाऊन झाडाखाली डबा वाजवे. मंगच बायायले येऊ दे. म्हने, माह्या हातानं एकीचा डोळा गेला."

काळा चहा देऊन तिने मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. परतीच्या बसमध्ये मूल येईपर्यंत मला गाढ झोप लागली. अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

तरी एक राहिलंच. अस्वलाच्या त्या प्रकारानंतर दोन वर्षांनी तिचे वडील धान घेऊन आमच्या गिरणीवर आले होते. नंबर लागेपर्यंत तीन तास माझ्यासमोर बाकावर बसले. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. शेवटी तेच म्हणाले, "वडील बरे हायेत ना, छोटे मालक?" मी हो म्हणालो. तेव्हा म्हणायचं होतं ते एवढंच:

भाऊ, तुमचा बार खालीच गेला होता. अस्वलाले लागली ते गोळी माही होती. मले माहीत होतं, अन् तुमच्यावर आलं तरी मी चूप राह्यलो. मले माफ करा.