भावोजींनी वाढवलेला वेग

माझे भावोजी जळलेल्या मोटारी दुरुस्त करतात. पंपाची आणा, पंख्याची आणा, पिठाच्या गिरणीची आणा. जळकी तार सोलून काढायची, नवी गुंडाळायची, वार्निशात बुडवून भट्टीत सुकवायची. चौतीस वर्षं हेच चाललंय. माणूस म्हणाल तर घुम्या. गिऱ्हाइकाशी बोलायचं खातं माझ्या ताईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे होतं. दुकानात पुढे तिचं टेबल आणि मागे भिंतीला लागून यांचं. ती पुढे बघून गिऱ्हाइकाशी आणि मान वळवून यांच्याशी दिवसभर बोलत असायची, आणि हे पाठमोरे बसून हुंकार भरायचे. हा माणूस तुझं ऐकतो तरी का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, हातातली तार थांबली की समजायचं, ऐकलं.

मग ताईला तो आजार झाला. एकेक करून स्नायू जातात, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. आधी तिची जीभ गेली. एवढ्या बोलक्या बाईची आधी जीभच न्यावी, हे ज्याने कुणी ठरवलं त्याच्याशी माझं अजून भांडण आहे. नंतर पाय गेले, मग डावा हात. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं.

त्या बोटासाठी घरातला जुना टॅब बाहेर निघाला. त्यात एक अ‍ॅप होतं. मोठी मोठी अक्षरं दिसायची. एकेक दाबत वाक्य जुळवायचं आणि शेवटी ‘बोल’वर बोट ठेवलं की एक बाई ते मराठीत वाचून दाखवायची. बाईचा आवाज चक्कीवरच्या पाटीसारखा सपाट, पण शब्द ताईचे असायचे. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं आणि नव्या टॅबवर ते उघडतच नसे. आम्ही दोन नवे टॅब आणून पाहिले आणि परत केले. दुसऱ्या अ‍ॅपमधली अक्षरं तिला दिसायची नाहीत, नाहीतर बोटाला सापडायची नाहीत. तेव्हा जो काही होता तो हाच.

आणि तो रडत चालायचा. बोट टेकलं की अक्षर उमटायला जवळजवळ एक सेकंद लागायचा. ताईला वाटायचं, लागलंच नाही. ती पुन्हा दाबायची, मग अक्षर दोनदा यायचं, मग एक खोडायचं. ‘पाणी’ म्हणायला चार मिनिटं. मी न्यायालयात टंकलेखक आहे, साक्षीदार बोलतो त्याच्यामागे माझी बोटं धावतात. मला ते बघवायचं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसायचो.

भावोजी मात्र बघत राहिले. एका रविवारी त्यांनी टॅब दुकानात नेला. मोटार दुरुस्त करणारा माणूस आणि तो टॅबची नाडी तपासणार, म्हणून मी थोडी चेष्टाही केली. त्यांनी लक्ष दिलं नाही. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या मंचावरची इंग्रजी पानं ते अक्षर अक्षर लावून वाचत होते. महिन्याभरात जे त्यांना कळलं ते त्यांनी मला त्यांच्या भाषेत सांगितलं. टॅब आपला असला तरी त्याच्या किल्ल्या कंपनी स्वतःकडे ठेवते. त्या आपल्या हातात घ्यायच्या, त्याला रूट करणं म्हणतात. आत कर्नल नावाचा एक मुकादम बसलेला असतो. चिपकडून किती काम घ्यायचं ते तो ठरवतो आणि कंपनीने घातलेल्या हद्दीपुढे तिला पळू देत नाही. तो मुकादम काढून दुसरा बसवता येतो. असा दुसरा मुकादम कुणा परक्या माणसाने फावल्या वेळात घडवून त्या मंचावर फुकट ठेवलेला होता. त्या माणसाच्या नावाच्या जागी घुबडाचं चित्र होतं आणि चार वर्षांत तिथे कुणी फिरकलेलं नव्हतं. तरी भावोजींनी त्याच्यासाठी दोन ओळींचं आभाराचं पत्र लिहून ठेवलं. लग्नात सासऱ्यांचे आभार मानतानाही या माणसाने एवढे शब्द खर्च केले नव्हते.

आता खरं ते सांगतो. पहिल्यांदा ते जमलं. हद्द एक पूर्णांक दोनची होती, भावोजींनी एक पूर्णांक चारवर नेली. आकडे कसले ते मला विचारू नका. पण ताईने बोट टेकलं आणि अक्षर लगेच उमटलं. तिने भुवया वर केल्या. मग सावकाश काहीतरी जुळवलं आणि ‘बोल’ दाबलं. बाई म्हणाली, “तुमच्यापेक्षा चटपटीत झाला.” ताईचे खांदे हलले, हसू आता तेवढंच बाहेर यायचं. भावोजी लाल झाले आणि पाणी आणतो म्हणून उठून गेले. त्या घरात मी पाहिलेला तो शेवटचा चांगला दिवस.

कारण बोट थांबलं नव्हतं, म्हणजे बोटाचं जाणं थांबलं नव्हतं. दर आठवड्याला ते थोडं जड व्हायचं. आणि वाक्याला पुन्हा वेळ लागायला लागला की भावोजी म्हणायचे, टॅब पुन्हा रखडतोय. मग पुढच्या रविवारी एक पायरी वर. दीड. मग एक पूर्णांक सहा. तिचं बोट एक पायरी उतरायचं आणि हे टॅब एक पायरी चढवायचे. मी एकदा मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. टॅबला अक्षर दाखवायला वेळ असा लागतच नव्हता. बोटाला एका अक्षरावरून दुसऱ्यावर जायला नऊ सेकंद लागत होते. मी भावोजींना हे जिन्यात गाठून सांगितलं. म्हटलं, भावोजी, आता यंत्राचा काही दोष नाही.

ते म्हणाले, “तुला चिपमधलं काय कळतं?”

मला चिपमधलं काही कळत नाही हे खरंच, पण दोष यंत्राचा नाही हे त्यांनाही कळत होतं. कळत असताना माणूस असं वागतो तेव्हा त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. तरी मी घातला. चार दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

एक पूर्णांक सातला टॅब तापायला लागला. तापला की चिपचा वेग आपोआप खाली यायचा, तशी सोय कंपनीने करून ठेवलेली असते. भावोजींना ती सोय आडवी यायला लागली. त्यांनी ती बंद केली. आणि हे कुणी केलं ते बघा. मोटार जास्त तापली की वीज तोडणारा रिले काढून कुणी थेट जोडणी केली आणि मग जळकी मोटार घेऊन दुकानात आला, की याच माणसाचा पारा चढायचा. वर्षभरात तो बोलायचा ती दहा वाक्यं अशा गिऱ्हाइकांच्या वाट्याला यायची. मोटारीला हवा लागली पाहिजे, तिच्यावर पोतं टाकू नका, हेही त्यांचंच. टॅबची चाचणी त्यांनी चोख घेतली. अख्खा रविवार तो पूर्ण वेगात चालवला, एकदाही अडकला नाही. पण चाचणी झाली दुकानातल्या लोखंडी टेबलावर, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यासमोर. आणि ताई टॅब वापरायची पांघरुणावर, मांडीवर दुमडलेल्या जाड रजईत अर्धा रुतवून. तिचे हात नेहमी गार असायचे. टॅब तापतो ते तिला आवडायचं, काम नसलं तरी ती तळवा त्याच्यावर ठेवून पडायची. हे भावोजींना माहीत होतं. रोज तेच तिचा हात तिथे नेऊन ठेवत होते.

तो सोमवार होता. मी न्यायालयात जाण्याआधी डोकावलो होतो. ताई लिहीत होती. भावोजी खुर्ची ओढून समोर बसायला गेले तर तिने डोळ्यांनीच त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही, असं तिचं होतं. म्हणजे लांबलचक काहीतरी असणार. कित्येक दिवसांत तिने एका शब्दापलीकडे काही लिहिलं नव्हतं. मी चहा घेतला, पेपर वाचला, न्यायालयाला उशीर झाला तरी उठलो नाही. भावोजी दाराशी उभे होते, पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं. तिच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी तिचं बोट ‘बोल’कडे निघालं, ते आम्ही दोघांनी पाहिलं.

पडदा काळा झाला. मग कंपनीचं चिन्ह आलं, मग पुन्हा काळा. दोन मिनिटांनी टॅब सुरू झाला तेव्हा अ‍ॅप कोरं होतं. ‘बोल’ दाबेपर्यंत ते अ‍ॅप काही साठवत नाही.

भावोजी गुडघ्यावर बसून तिला म्हणत राहिले, पुन्हा लिही, मी वेग खाली आणतो, आत्ता आणतो, पुन्हा लिही. ताईने डोळे मिटून घेतले. दुपारी तिने प्रयत्न केला, पण बोट दोन अक्षरांपलीकडे गेलं नाही. त्या सकाळी तिने सगळं खर्च केलं होतं. गुरुवारपर्यंत ते बोटही गेलं.

आता उरल्या पापण्या. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. भावोजींनी टॅबच्या पोटात जिथे जिथे हात घालता येतो तिथे घातला. किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. अक्षरांचा फळा, म्हणजे कीबोर्ड, नवे शब्द लक्षात ठेवतो, तर त्याची यादीही त्यांनी उघडली. त्या सोमवारचा एकही शब्द तिथे नव्हता. म्हणजे तिने जे लिहिलं ते नेहमीच्या, रोजच्या शब्दांतलं होतं, एवढंच त्यातून कळलं. मग ते तिला विचारत बसले, मधूनमधून मीही. औषधाबद्दल होतं? नाही. दुकानाबद्दल? नाही. तुझ्या भावाबद्दल? नाही. कुठं दुखत होतं? नाही. विचारून विचारून दोघंही दमायचे आणि मग हे उठून टॅबकडे जायचे.

शनिवारी ते दुकानात असताना मी ताईजवळ बसलो होतो. तिचा हात गार पडला होता, तो हातात घेतला. आणि का कुणास ठाऊक, मी विचारलं, “ताई, टॅब ठेवा आणि माझ्याजवळ बसा, असं लिहीत होतीस का?”

तिने डोळे मिटले आणि उघडले. एकदाच. मी पुन्हा विचारलं. पुन्हा एकदाच. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मीच पुसलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझ्या बहिणीने चाळीस मिनिटं घाम गाळला होता. आणि आम्ही दोघं धडधाकट पुरुष इतके दिवस दुनियाभरचे प्रश्न तिला विचारत होतो. मला इतकी लाज वाटली की मी चपला घालून तडक दुकानात गेलो.

भावोजी मागच्या टेबलाशी पाठमोरे बसले होते. पुढचं टेबल रिकामं होतं, त्यावर कुणाचा तरी पंप पडला होता. टॅबच्या पाठीला त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवली होती आणि एक बोटाएवढा पंखा तारेने जोडत होते. डॉक्टर म्हणाले होते की पापण्यांवर चालणारं काहीतरी जोडता येतं का बघा, त्याला चिप जोरात पळवावी लागणार, असं ते माझ्याकडे न बघताच सांगायला लागले. मी त्यांना मध्येच थांबवलं. ताईला काय म्हणायचं होतं ते सांगितलं, तिने दोनदा हो म्हटलं तेही सांगितलं.

त्यांच्या हातातली तार थांबली. मला वाटलं आता उठतील.

ते म्हणाले, “बरोबर आहे तिचं.” मग तार पुन्हा हलायला लागली. “एवढं झालं की जातो. जाऊन बसतो.”

मी त्यांचा हात धरून त्यांना घरी न्यायला हवं होतं. रागावून ओढत न्यायला हवं होतं. मी नुसता उभा राहिलो आणि मग एकटाच परत आलो. ताईने माझ्या मागे दाराकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, येतायत.

त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. तेवढ्या दिवसांत टॅब एकदाही बंद पडला नाही.